फिट दोन मिनिटांची, सोबत वर्षावर्षांची!

दोस्तांनो, एक प्रश्न विचारतो. उत्तर अगदी खरंखरं द्यायचं हं!

शाळेच्या मैदानावर प्रार्थना चालली आहे. सगळे रांगेत डोळे मिटून उभे. एवढ्यात तुमच्या पुढचा मुलगा धाडकन खाली कोसळतो. त्याचं अंग लाकडासारखं ताठ होतं, मग हातपाय झटके देऊ लागतात. डोळे वर गेलेले, तोंडाला फेस. हाका मारल्या तरी ओ नाही. तुम्ही काय कराल?

बहुतेक जण म्हणतील, "सरांना नाहीतर बाईंना बोलावू." काही जण मनातल्या मनात म्हणतील, "आपण बुवा पळू!" आणि दोघं-चौघं तरी नक्की ओरडतील, "अरे, चप्पल आणा! कांदा फोडा, कांदा! नाकाशी धरा!"

यातलं पहिलं उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आज बघू. त्या मुलाची फिट दोन मिनिटांत थांबेल, पण त्याच्यासाठी गोष्ट तिथे संपत नाही. उद्या तो शाळेत येणार का? त्याच्या शेजारी कोण बसणार? सहलीला त्याला नेणार का? हे प्रश्न डॉक्टरांच्या हातात नाहीत. ते आपल्या हातात आहेत.

डोक्यातला ऑफ तास

या आजाराला नावं किती! कुणी फिट म्हणतं, कुणी आकडी, कुणी फेफरं, कुणी मिरगी. संस्कृतात अपस्मार आणि डॉक्टरांच्या भाषेत एपिलेप्सी. नाव काहीही घ्या, खोडी एकाच ठिकाणची आहे : मेंदूतली.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींशी बोलतात ते अगदी बारीक विजेच्या लहरींनी. आता ऑफ तासाचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक जण आपापल्या शेजाऱ्याशी कुजबुजतोय. गलका आहे, पण कामं चाललीत. कुणी गणित सोडवतोय, कुणी डबा खातोय. पण समजा, एका कोपऱ्यातल्या चौघांनी एकदम एका तालात बाक बडवायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळा वर्ग तेच करू लागला, तर? मग कुणाचं गणित आणि कुणाचं काय! फिटमध्ये नेमकं असंच होतं. एरवी पाळीपाळीने बोलणाऱ्या पेशी एकदम, एका तालात वीज सोडू लागतात. मेंदूचा तेवढा भाग, कधी कधी सगळा मेंदू, काही वेळ दुसरं काही करूच शकत नाही. मग बाक बडवून हात दुखतात, आणि वर्ग आपोआप शांत होतो. तसाच मेंदूही.

ही वीज मोजता येते, बरं का! जर्मनीत हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींचा पहिला आलेख काढला. त्याच तपासणीला आज आपण ई.ई.जी. म्हणतो. शॉक वगैरे काही बसत नाही. यंत्र फक्त कान देऊन ऐकतं.

प्रत्येक फिटमध्ये माणूस पडतोच असंही नाही. काहींचा एकच हात थरथरतो. काहींना क्षणभर विचित्र वास येतो, पोटात गोळा येतो, मग थोडा वेळ काय चाललंय ते कळत नाही. आणि एक प्रकार तर तुमच्याच वयाच्या मुलांत दिसतो. धडा वाचता वाचता मुलगी मध्येच थांबते, पाच-दहा सेकंद टक लावून बघत राहते आणि पुन्हा वाचू लागते. काय झालं हे तिचं तिलाही ठाऊक नसतं. असं दिवसातून कितीतरी वेळा होतं. बाईंना वाटतं, हिचं लक्ष नाही. वर्गाला वाटतं, ही 'ढ' आहे. प्रगतिपुस्तकावर लाल रेघा वाढतात. खरं तर तिला गोळी हवी असते, बोलणी नव्हेत. पालकहो, मूल असं वारंवार हरवत असेल, तर रागावण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, एकदा फिट आली म्हणजे एपिलेप्सी झालीच असंही नाही. खूप ताप चढला की लहान बाळांना आकडी येते. ती बहुतेकांच्या बाबतीत वयाबरोबर बंद होते. काही कारण नसताना फिट पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर तिला एपिलेप्सी म्हणतात.

नटराजाच्या पायाखाली कोण?

नटराजाची मूर्ती पाहिलीय ना? शंकर नाचतोय आणि त्याच्या पायाखाली एक बुटका आडवा पडलाय. त्या बुटक्याचं नाव अपस्मार! अज्ञान आणि विस्मरण यांचं ते रूप. एवढं जुनं आपलं आणि या शब्दाचं नातं आहे.

चरकसंहितेत अपस्मारावर वेगळा अध्याय आहे. ग्रीस देशात हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी तर इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास स्पष्टच लिहून ठेवलं, की लोक याला देवाचा कोप म्हणतात, पण हा इतर आजारांसारखाच एक आजार आहे आणि तो मेंदूतून येतो. दोन हजारांहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला. आणि आपण अजून चप्पल शोधतोय!

त्या चपलेचं गुपित सांगतो. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. माणूस पडतो, लोक जमतात, कुणीतरी म्हणतं "चप्पल आणा", कुणीतरी पायातली काढतं, गर्दीतून वाट काढत ती नाकाशी पोहोचते. एवढ्यात दीड-दोन मिनिटं गेलेली असतात. फिट तिच्या वेळेला थांबते आणि श्रेय मात्र चपलेला! कांद्याचंही तेच. नाकाशी घाणेरडी चप्पल धरल्याने उलट त्या माणसाला नीट श्वास घेता येत नाही. शिवाय शुद्धीवर आल्यावर त्याला दिसतं काय? भोवती वीस माणसं आणि तोंडासमोर कुणाची तरी चप्पल. कसं वाटत असेल हो त्याला?

मग करायचं काय?

पहिलं काम म्हणजे घड्याळात बघायचं. हसू नका, खरंच! फिट किती वेळ चालली हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. बहुतेक वेळा ते कुणालाच सांगता येत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं वीस मिनिटांसारखी वाटतात.

मग आसपासचं जे टणक, टोकदार असेल ते बाजूला सारायचं : बाक, दगड, कंपासपेटी. डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं. घडी केलेला स्वेटर चालेल, ओढणी चालेल, दप्तरही चालेल, पण आधी त्यातला डबा काढा! चष्मा काढून ठेवायचा, गळ्याशी टाय किंवा बटण असेल तर ते सैल करायचं. झटके ओसरले की त्याला हळूच एका कुशीवर वळवायचं, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर येते, घशात जात नाही.

हातपाय दाबून धरायचे नाहीत. झटके दाबून थांबत नसतात, हाड मात्र मोडू शकतं. दातांत चमचा, फूटपट्टी, बोट, काही म्हणजे काही घालायचं नाही. "जीभ गिळेल" असं लोक म्हणतात, पण जीभ कुणी गिळू शकत नाही. चमच्याने दात मात्र तुटतात, आणि बोट घातलं तर तुमचं बोट! पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका.

पाच मिनिटं झाली तरी फिट थांबत नसेल, एक थांबून शुद्ध येण्याआधीच दुसरी सुरू झाली, त्याला मार लागला असेल, पाण्यात असताना फिट आली असेल किंवा आयुष्यातली ही पहिलीच फिट असेल, तर थांबू नका. महाराष्ट्रात १०८ नंबरला फोन करायचा, रुग्णवाहिका येते.

एवढं सगळं तर मोठ्या माणसांनाही जमेल. पण पुढचं काम मुलांइतकं चांगलं कुणाला जमत नाही. फिटनंतर तो मित्र गोंधळलेला असतो, दमलेला असतो, झोपाळलेला असतो. कधी कधी कपड्यांत लघवी झालेली असते. अशा वेळी भोवतीची गर्दी हटवायची. त्याच्यावर स्वेटर नाहीतर ओढणी पांघरायची आणि हळू आवाजात सांगायचं, "तू शाळेत आहेस. तुला फिट आली होती. आता थांबलीय. मी इथेच आहे." बस्स. दुसऱ्या दिवशी त्यावर विनोद नाहीत. आणि हल्लीच्या काळात एक जास्तीचं सांगायला हवं : घरच्यांनी डॉक्टरांना दाखवण्यासाठी मोबाइलवर फिटचं चित्रण केलं तर त्याचा उपयोग होतो, पण वर्गाच्या ग्रुपवर ते टाकणं हा शुद्ध दुष्टपणा आहे.

फिट शिवण्याने लागत नाही. त्याच्या डब्यातलं खाल्ल्याने, त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायल्याने लागत नाही. तुम्ही जाँटी ऱ्होड्सचं नाव ऐकलंय? नसेल तर बाबांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील! १९९२ च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करायला चेंडूसकट विमानासारखा हवेत झेपावून ज्याने स्टंप उडवले, तो दक्षिण आफ्रिकेचा क्षेत्ररक्षक. त्यालाही एपिलेप्सी होती. इंग्लंडचा कप्तान टोनी ग्रेग, तोच पुढे समालोचक झाला, त्यालाही होती. 

गोळी आहे, पण पोहोचवणार कोण?

जगात सुमारे ५ कोटी लोकांना एपिलेप्सी आहे. त्यातले १ कोटीहून जास्त आपल्या भारतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नीट निदान झालं आणि औषध मिळालं तर यातल्या शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. शंभरात सत्तर! आणि औषधं म्हणाल तर काही फार जुनी आणि स्वस्त आहेत. फिनोबार्बिटल हे औषध फिटसाठी १९१२ पासून वापरात आहे.

मग अडतं कुठे? अडतं ते रोजच्या रोज गोळी घेण्यात. दोन वर्षं, तीन वर्षं, कधी त्याहून जास्त. गोळ्या सुरू केल्या, सहा महिने फिट आली नाही, घरच्यांना वाटलं बरं झालं, गोळी बंद! की पुन्हा फिट, आणि या वेळी पहिल्यापेक्षा मोठी. खेड्यात तर गोळी संपली की तालुक्याला जायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार. शिवाय शेजारपाजारचे म्हणणार, "बाहेरचं आहे, देवऋष्याला दाखवा."

कर्नाटकात येळंदूर नावाचा तालुका आहे. तिथे १९९० च्या दशकात डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर माणसं पाठवून फिट येणारे लोक शोधले. त्यांना तीच जुनी, स्वस्त औषधं दिली आणि पाच वर्षं त्यांची विचारपूस केली. महागडी यंत्रं नाहीत की मोठं हॉस्पिटल नाही. जे नियमित गोळ्या घेत राहिले, त्यांतल्या बहुतेकांच्या फिट आटोक्यात आल्या. म्हणजे औषधाइतकीच महत्त्वाची होती ती दाराशी येऊन "गोळ्या चालू आहेत ना?" असं विचारणारी माणसं. पुढे पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनीही तपासून पाहिलं, की आशाताईंसारख्या आरोग्यसेविका घरी गेल्या तर काय फरक पडतो. घरी भेट मिळालेले लोक गोळ्या जास्त नियमित घेताना दिसले.

आता एक गंमतीची गाडी! १९९१ च्या जुलैमध्ये आपल्या मुंबईहून एक आगगाडी निघाली. तिच्यात प्रवासी नव्हते, ऑपरेशन थिएटर होतं! रुळांवरून धावणारं ते रुग्णालय : लाइफलाइन एक्स्प्रेस, म्हणजेच जीवनरेखा. इम्पॅक्ट इंडिया ही संस्था आणि भारतीय रेल्वे यांनी मिळून ती सुरू केली. ज्या जिल्ह्यात डॉक्टर कमी, तिथे स्टेशनात ही गाडी काही आठवडे उभी राहायची. मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ, पोलिओने वाकलेले पाय यांवर मोफत उपचार व्हायचे. २००९ च्या सुमारास तिच्यात फिटच्या रुग्णांचीही तपासणी सुरू झाली. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. ममता भूषण सिंग यांनी हे काम अंगावर घेतलं.

पण विचार करा. डोळ्याचं ऑपरेशन एकदा झालं की झालं. गाडी निघून गेली तरी दिसत राहतं. फिटची गोळी मात्र उद्याही हवी, पुढच्या महिन्यातही हवी. गाडी शिट्टी मारून निघून गेल्यावर त्या गावात कोण? म्हणून तिथल्या स्थानिक डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवावं लागतं. मला विचाराल तर शिबिरं होतात त्याचा आनंद आहेच, फोटोही छान येतात. पण कुठल्याही शिबिराची खरी परीक्षा तंबू उठल्यावर तिसऱ्या महिन्यात होते.

तुमच्या शाळेत वर्षातून एकदा डॉक्टरांची गाडी येते का? वजन, उंची, डोळे, दात तपासतात ती? तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. त्या डॉक्टरांच्या यादीत फिटचा आजारही आहे, आणि उशिरा चालणं, उशिरा बोलणं हेही आहे. ज्यांना गरज असेल त्यांना ते जिल्ह्याच्या ठिकाणी खास केंद्रात पाठवतात. म्हणून पालकहो, त्या तपासणीच्या दिवशी मुलाची फिट लपवू नका. "शाळेत कळेल" या भीतीने अनेक घरं गप्प बसतात. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. फिट येते म्हणून तो हक्क जात नाही.

"आमच्यानंतर कोण?"

काही मुलांचा मेंदू जन्माच्या वेळी किंवा त्याआधीच दुखावला जातो. कुणाचे हातपाय ऐकत नाहीत, त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. कुणाला समजायला वेळ लागतो. अशांना पूर्वी सर्रास मतिमंद म्हणत. आता बौद्धिक अक्षमता असा शब्द वापरतात. शब्द बदलला हे बरंच झालं, कारण जुन्याची आपण शिवी करून टाकली होती. कुणी स्वमग्न असतं. अशा मुलांत फिटचं प्रमाण इतरांपेक्षा खूपच जास्त असतं. मेंदू एकच, त्यामुळे एकीकडे दुखलं की दुसरीकडेही जाणवतं.

या मुलांची अडचण दुहेरी असते. तुम्ही सांगू शकता, "आई, मला कसंतरी होतंय." ज्याला बोलताच येत नाही तो कसं सांगणार? मग आईच त्याच्या डोळ्यांवरून ओळखायला शिकते. फिट कधी आली, किती वेळ टिकली, आदल्या रात्री झोप झाली होती का, हे सगळं ती वहीत लिहून ठेवते. आणि ती आई स्वतः? लग्नाला नाही, सिनेमाला नाही, कधी कधी सलग झोपही नाही.

मुंबईत १९४४ मध्ये वकील आडनावाच्या एका पारशी जोडप्याने आपल्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या काही मुलांसाठी घरातच शाळा सुरू केली, कारण त्यांना घेणारी शाळाच नव्हती. तीच आज शिवडीची जय वकील संस्था. १९७२ मध्ये मुंबईतच मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी कुलाब्याला केंद्र उघडलं. त्यांची स्वतःची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी होती. ती पुढे इंग्लंडला जाऊन शिकली आणि तिने एका बोटाने टाइप करून स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. पाहिलंत ना? पुष्कळशा संस्थांची सुरुवात सरकारी कागदावर नाही, कुणाच्या तरी आईबाबांच्या स्वयंपाकघरात झालीय.

पुण्यातली संवेदना हीसुद्धा अशीच आतून उगवलेली. यशोदा वाकणकर या लेखक डॉ. अनिल अवचट यांच्या कन्या. लहान वयापासून त्यांना फिट येत होत्या. पुढे मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्या थांबल्या. 'सुटलो बुवा' म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. २००४ मध्ये त्यांनी फिट येणाऱ्या लोकांचा स्वमदत गट सुरू केला. स्वमदत गट म्हणजे काय? एकाच वाटेवरची माणसं एकत्र बसतात आणि बोलतात. नोकरीच्या ठिकाणी सांगावं की नाही, गोळीने झोप येते त्याचं काय करायचं, पहिली फिट आली तेव्हा कसं वाटलं. डॉक्टरांकडे दहा मिनिटं मिळतात, त्यात हे सगळं कुठे मावणार? लग्नाचा प्रश्न तर फारच अवघड. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातही वारंवार फिट येणं हा लग्नाला अडसर मानला जाई. त्या वर्षी कायद्यातून तो शब्द काढला, मनांतून काढायचा राहिलाय. म्हणून संवेदनाने असा आजार असलेल्यांसाठी विवाह मंडळही काढलं. काही लपवायचं नाही, आधी सगळं सांगायचं आणि मग ठरवायचं.

विशेष मुलांच्या आईवडिलांना मात्र एक प्रश्न रात्री झोपू देत नाही : आमच्यानंतर याचं कोण? मूल अठरा वर्षांचं झालं की शाळा संपते, त्याचं बालपण मात्र संपत नाही. म्हणून ठिकठिकाणी पालकांनीच एकत्र येऊन कार्यशाळा आणि वसतिगृहं काढली आहेत. दिवाळीच्या पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, मेणबत्त्या, फाइली करणं अशी कामं तिथे चालतात. सरकारनेही १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात समिती असते. 'निरामय' नावाची १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजनाही आहे. पालकहो, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर ही दोन नावं त्यांच्या कानावर घाला. माहीत नसल्यामुळे हक्काची वस्तू घेतली जात नाही, असं फार होतं.

आणि मुलांनो, तुमच्या सोसायटीत, वाडीत असं एखादं दादा-ताई असेल, तर रविवारी तासभर त्याच्याबरोबर कॅरम खेळा. नियम थोडे बदलावे लागतील. तेवढ्या वेळात त्याची आई भाजी आणेल, नाहीतर नुसती स्वस्थ बसेल. मोठ्या शहरांत यासाठी खास केंद्रं असतात. तुमच्याकडे कॅरम आहे.

थोडं टाळता येण्यासारखं

काही फिट आधीच टाळता येतात. दुचाकीवर हेल्मेट हवंच, कारण डोक्याला मार लागून पुढे फिट सुरू होऊ शकते. आणखी एक कारण तर अगदी आपल्या ताटातलं! एका प्रकारच्या फीतकृमीची अंडी उघड्यावरच्या शौचामुळे मातीत जातात, मातीतून पालेभाजीला लागतात आणि न धुतलेल्या कोथिंबिरीबरोबर पोटात जातात. मेंदूत त्यांच्या गाठी झाल्या की फिट येते. शाकाहारी माणसालाही हे होऊ शकतं. तेव्हा जेवणाआधी हात धुण्यावरून आजी मागे लागते, ते उगाच नाही.

ज्याला फिटचा आजार आहे त्याने गोळी चुकवायची नाही, रात्रीची झोप बुडवायची नाही आणि एकट्याने पोहायला जायचं नाही. सहलीला मात्र खुशाल जायचं! फक्त गोळ्यांची डबी दोन ठिकाणी ठेवायची, एक त्याच्या पिशवीत आणि एक बाईंकडे. बसमध्ये शेजारी कोण बसणार आणि फिट आली तर काय करायचं, हे आदल्या दिवशीच ठरवून टाकायचं.

कॅनडात नोव्हा स्कोशिया नावाच्या प्रांतात कॅसिडी मेगन नावाची मुलगी राहायची. तिला फिट यायच्या आणि तिला वाटायचं, जगात असं फक्त मलाच होतं. मग कळलं, की आपल्यासारखी पुष्कळ आहेत, फक्त कुणी बोलत नाही. २००८ मध्ये, जेमतेम नऊ वर्षांची असताना, तिने ठरवलं की वर्षातून एक दिवस सगळ्यांनी जांभळं काहीतरी घालायचं आणि या आजाराबद्दल बोलायचं. लव्हेंडरच्या फुलांचा तो रंग. २६ मार्चला आता कितीतरी देशांत 'पर्पल डे' पाळतात.

आपल्याकडे राष्ट्रीय एपिलेप्सी दिन असतो १७ नोव्हेंबरला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा बहुधा सुरू झालेली असते. फळ्याच्या कोपऱ्यात रोज सुविचार लिहितात ना, त्या दिवशी तिथे चार ओळी लिहा : घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ ठेवा. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. खडू बाईंना विचारून घ्या, आणि जागा उरलीच तर पाचवी ओळ चपलेबद्दल.